सूर्यास्तानंतरची गोळी

“काकू, गळ्यातल्या चार ग्रंथी तुमची हाडं खातायत,” असं डॉक्टर म्हणाले आणि मी ‘कॅन्सर’ एवढंच ऐकलं. तो शब्द त्यांनी उच्चारलाच नव्हता. पण गळा, ग्रंथी आणि खाणं हे सगळं एका वाक्यात आल्यावर माणूस दुसरं काय ऐकणार? शेजारी माझी सून पूनम बसली होती. तिचा हात मी इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्याच तळव्यावर उमटला.

डॉक्टरांनी कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. पीटीएच नावाची रक्ताची तपासणी होती. धडधाकट माणसाचा हा आकडा दोन आकडी असतो. डायलिसिसवाल्यांना तो काही शेपर्यंत चालवून घेतात. माझा चार आकडी होता.

“कॅन्सर नाही. याला सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात,” ते म्हणाले. नाव ऐकूनच धाप लागावी. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी हातात उद्या असाच कागद येईल.

गळ्यात थायरॉइड असतं. त्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या हाडांकडून मागून आणतात, एवढंच त्यांचं काम. किडनी बंद पडली की अंगातला फॉस्फरस बाहेर जात नाही, व्हिटॅमिन डी कामाला लागत नाही आणि कॅल्शियम घटतं. मग या ग्रंथी हाडांच्या मागे हात धुऊन लागतात. मागता मागता स्वतः फुगतात आणि पुढे पुढे गरज असो नसो, ऐकेनाशा होतात.

तोवर मला डायलिसिसवर सहा वर्षं झाली होती. आठवड्यातून तीन दिवस मंचरमध्येच सेंटरवर चार-चार तास. आमची कांदा-बटाट्याची आडत आहे, घर मार्केट यार्डापासून जवळच. किडनीच्या रोग्याला बटाटा बंद, असं पहिल्या दिवशी आहाराच्या कागदावर वाचलं तेव्हा मी हसले होते. गाळ्यावर बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्या असल्या, तरी आम्ही जैन, घरात जमिनीखालचं काही शिजत नाही. मला वाटलं, पेपर फुटलेला आहे, आपण पहिल्या नंबरानं पास.

लक्षणं नव्हती असं नाही. वर्षभर अंगाला खाज होती. पुरळ नाही, काही नाही, नुसती आतून खाज. मी कंगव्यानं पाठ खाजवायची. सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, अठ्ठेचाळीस मिनिटं मांडी घालून बसले की उठताना भिंत धरावी लागे. मी ते वयाच्या नावावर टाकत होते. माझं वय तेव्हा चौपन्न.

“पण गोळ्या तर मी एकही चुकवली नाही,” मी डॉक्टरांना म्हणाले, जरा तोऱ्यातच.

“कशा घेता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सकाळी नवकारसी पारली, म्हणजे सूर्योदयानंतरची ती पहिली अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, की उकळलेल्या पाण्याचा अर्धा पेला घेते आणि दिवसभराच्या सगळ्या गोळ्या एकदम गिळते. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं. तीन वेळा गोळ्या म्हणजे तीन वेळा पाणी, त्यापेक्षा एका घोटात काम. शिवाय संध्याकाळी विसरायला नको, कारण माझा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, काही नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “त्यातली मोठी पांढरी गोळी फॉस्फेट बाइंडर आहे, काकू. ती जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. ती घासाबरोबर घ्यायची असते. जेवणच नाही तर ती कोणाला धरणार?”

सहा वर्षं मी न चुकता चुकीचं करत होते! पाणी वाचवलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि रागही आला. राग डॉक्टरांचा आला, पण खरा तो माझाच होता, कारण पाकिटावर ‘जेवणासोबत’ असं मराठीत लिहिलेलं पूनमनं घरी आल्यावर दाखवलं.

जेवणाचीही तीच गत. महिन्यातल्या तिथींना आमच्याकडे हिरवी भाजी बंद. त्या दिवशी मूग, हरभरा, बेसनाचे गट्टे, दही, पापड. म्हणजे नेमका फॉस्फरसच. “तिथी पाळा, पापड सोडा, डाळ मोजून घ्या,” डॉक्टर म्हणाले. पापड सोडणं मला बटाट्यापेक्षा जड गेलं, हे कबूल करते.

मग गोळ्यांचा काळ सुरू झाला. बाइंडर घासाबरोबर, व्हिटॅमिन डीची एक, आणि सिनाकॅल्सेट नावाची एक. ही तिसरी त्या ग्रंथींना भुलवते, रक्तात कॅल्शियम भरपूर आहे असं त्यांना भासवते. ग्रंथी भुलल्या की नाही ठाऊक नाही, मी मात्र मळमळीनं हैराण झाले. तीन महिन्यांनी आकडा थोडा उतरला. त्यानंतरच्या तपासणीत पुन्हा वर. रिपोर्ट यायच्या दिवशी मी फोन उपडा घालून ठेवायची, जणू तो बघितला नाही तर आकडा वाढणार नाही.

मग एके सकाळी गादीवरची चादर ओढताना बरगडीत कट् असा आवाज झाला. चादर होती हो, धान्याचं पोतं नव्हतं! एक्स-रेत बरगडीला चीर दिसली. डॉक्टर म्हणाले, “आता गोळ्यांवर वेळ घालवायला नको. ऑपरेशन.”

ऑपरेशन हा शब्द ऐकल्यापासून पुण्याला भरती होईपर्यंत मी एकही रात्र धड झोपले नाही. सेंटरवर माझ्या शेजारच्या खाटेवर महाळुंगे पडवळचे बबनभाऊ असतात. शेतकरी माणूस, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. मशीन चालू झालं की त्यांचं तोंडही चालू होतं.

“वैनी, गळा कापत्यात म्हणं? आमच्या पावण्याचा कापला व्हता. आवाजच गेला राव त्याचा. आता नुसता फुसफुस करतोय.”

“अहो भाऊ, त्यांना धीर द्या की जरा,” टेक्निशियन म्हणाला.

“धीरच देतोय की! आवाज गेला तरी मानूस ऱ्हायला न्हवं का? त्ये म्हत्त्वाचं.”

मी हसले, पण घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर मोबाइलवर माझ्या आवाजात नवकार मंत्र भरून ठेवला. पूनमला सांगितलं नाही.

पुण्याच्या सर्जननी मात्र शांतपणे समजावलं. आवाजाची नस त्या ग्रंथींना लागूनच जाते, तिला जपूनच काम करतात, तरी धोका शून्य नसतो. सोनोग्राफी झाली. मग सेस्टामिबी स्कॅन, म्हणजे शिरेतून औषध सोडून कोणती ग्रंथी किती फुगली ते पाहायचं. साडेतीन ग्रंथी काढायच्या, अर्धी ठेवायची. “खरी काळजी ऑपरेशननंतरची आहे,” ते म्हणाले. “उपाशी हाडं एकदम कॅल्शियम ओढून घेतात. त्याला हंग्री बोन म्हणतात. रक्तात कॅल्शियम घसरलं तर हातपाय वळतात, फिट येते, हृदयाचे ठोके बिघडतात. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. आणि गोळी एकही चुकवायची नाही.”

मी मान हलवली. त्यांनी विचारलं, काही शंका? मी म्हणाले, नाही. चौविहाराचं मी बोलले नाही. तिथेच सगळं चुकलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच मी ‘पूनम’ म्हणून हाक मारली आणि ती मलाच ऐकू आली. घोगरी, पण माझीच. त्या आनंदात गळ्याचं दुखणंही जाणवलं नाही. पहिले दोन दिवस आयसीयूत शिरेतून कॅल्शियम चालू होतं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आणलं, शिरेतलं हळूहळू कमी केलं आणि गोळ्या सुरू झाल्या. दर सहा तासांनी, दोन-दोन. आता त्या जेवणाबरोबर नाही, जेवणाच्या मधल्या वेळेत. आधीच्या बाइंडरला अन्नातला फॉस्फरस धरायचा होता, या कॅल्शियमला रक्तात उतरायचं होतं. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ आणि मध्यरात्रीनंतर दोन.

शेवटच्या दोन वेळा सूर्यास्तानंतरच्या.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढी शिकलेली तुम्ही, जिवापुढे नियम कसला धरता? माझी सुनावणी तुमच्यासमोर आहे, तर खरं सांगते. बत्तीस वर्षांत माझा चौविहार एकदाही मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही. डायलिसिसनं माझं पाणी नेलं, फळं नेली, वर्षभर एकाआड एक दिवस उपवासाचं वर्षीतप नेलं, पर्युषणातले उपवास नेले. सण आला की घरातले सगळे काही ना काही तप करत आणि मी डॉक्टरांच्या परवानगीनं जेवत बसे. एवढी एकच गोष्ट माझी उरली होती, की सूर्य मावळला की माझं तोंड बंद. तीही या गोळ्यांना द्यायची माझी तयारी नव्हती.

त्या दिवशी रात्री आठला पूनम खाली जेवायला गेली होती. रेश्मा सिस्टरनी छोट्या वाटीत दोन गोळ्या आणल्या. “मावशी, घ्या हं,” म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. मी गोळ्या तळहातावर घेतल्या, घोट घेतल्यासारखं केलं आणि त्या चष्म्याच्या डबीत टाकल्या. इतकं सोपं होतं ते. मध्यरात्रीनंतरच्या दोनही, पूनम झोपेत असताना, तशाच गेल्या. सकाळी एकदम सहा घेऊ, असं मनाला सांगितलं. पुन्हा तोच हिशेब! सहा वर्षांच्या चुकीतून मी एवढंच शिकले होते. आणि सकाळी तेही धाडस झालं नाही, कारण सहा मागायच्या तर चार कुठे होत्या ते सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी रक्तात कॅल्शियम घसरलेलं आलं. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचा डोस वाढवला. ओठांभोवती मुंग्या येत होत्या. राउंडला विचारलं तेव्हा मी “थोड्याशाच” म्हणाले. मुंग्यांची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती पकडले जाण्याची होती. संध्याकाळी खिडकीबाहेर अंधारू लागलं. आज घ्यावी की काय? शंभर वेळा विचार केला. आठला वाटी आली, मग दोनला आली, आणि डबीत आणखी चार गोळ्या गेल्या. डबीचं झाकण बंद करताना माझी बोटं कापत होती, आणि ती भीतीनं कापतात की कॅल्शियमनं, हे मला कळत नव्हतं.

सकाळी रेश्मा सिस्टर ब्लड प्रेशर बघायला आल्या. त्यांची पाळी संपत आली होती. डाव्या हाताला डायलिसिसची शीर, म्हणून उजव्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला आणि माझा हात मनगटातून आपोआप आत वळला. बोटं जुळली, अंगठा आत आला. घास घेताना जुळतात तशी. मी सोडवायचा प्रयत्न केला, सुटेनात. हात माझा, पण माझं ऐकेना. सिस्टर ओरडत पळाल्या. मग माझा गळा आतून आवळला आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पूनम माझे पाय धरून ‘मम्मी, मम्मी’ करत होती. मला वाटलं, संपलं. नवकार आठवेना. खरंच, लहानपणापासून म्हटलेला नवकार दुसऱ्या ओळीवर अडकला.

शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, हळूहळू, छातीला तारा लावून. काही मिनिटांत गळा सुटला, मग बोटं. मी पडल्या पडल्या नुसता श्वास घेत होते.

आणि पायथ्याशी हेड सिस्टर रेश्माला विचारत होत्या, “चार्टवर प्रत्येक गोळीला टिक आहे. दोन्ही रात्री ड्यूटी तुझी. गोळ्या दिल्यास की नुसत्या टिका मारल्यास?”

“दिल्या, मॅडम.”

“मग कॅल्शियम एवढं खाली कसं? खोटं बोलू नकोस. लेखी द्यावं लागेल तुला.”

रेश्मा पंचविशीची असेल. तिचे कान लाल झाले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता तिच्या नजरेत, नुसती आशा होती, की मावशी सांगतील. पाण्यातला जीव मरू नये म्हणून मी घरी पाणी गाळून घेते. वाटेतली मुंगी ओलांडून जाते. आणि इथे एका पोरीची नोकरी माझ्या डबीत पडून होती.

मी उशीखालून डबी काढली. हातानं उघडेना, पूनमनं उघडली. आठ गोळ्या चादरीवर सांडल्या.

“तिनं दिल्या होत्या,” मी म्हणाले. “मी घेतल्या नाहीत.”

सर्जन आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत. “काकू, तुमची हाडं सूर्यास्त पाळत नाहीत,” एवढंच म्हणाले. “आज गेल्या असतात.” मग पूनमला बाहेर घेऊन गेले, आणि ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तरीही, रात्री आठला मी काय करणार होते, हे मला माहीत नव्हतं. मरणाच्या दारातून येऊनही माहीत नव्हतं. एवढा तो नियम हाडात मुरलेला होता.

पूनमनं मंचरला फोन करून यांना सगळं सांगितलं. चातुर्मास होता, स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, साध्वीजी होत्या. त्या फोनवर बोलत नाहीत, म्हणून हे आडत सोडून स्थानकात गेले. हा माणूस वर्षातल्या एका संवत्सरीशिवाय स्थानकाची पायरी चढत नाही! दुपारी पुण्याला पोचले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “साध्वीजींनी विचारलंय, रोज पच्चक्खाणाचा पाठ म्हणून नियम घेतेस, त्याचा अर्थ कधी वाचलास का?”

“म्हणते की रोज,” मी म्हणाले.

“त्यातच आगार आहे म्हणाल्या. आगार म्हणजे सूट. भारी आजारपणात औषध घ्यावं लागलं तर नियम मोडत नाही, हे त्या पाठातच म्हटलेलं आहे. तू रोज तोंडानं म्हणतेस ते.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि औषधाचं प्रायश्चित्त नाही म्हणाल्या. खोटेपणाचं आहे. त्या सिस्टरला खमाव.”

बत्तीस वर्षं म्हणत होते. गोळीच्या पाकिटासारखंच. लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

रात्री आठला रेश्मा आली. तिला आता माझ्यापुढे उभं राहून गोळी गिळेपर्यंत पाहायचा हुकूम होता. मी आधी हात जोडले आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं. तिला कळलं नाही. पूनमनं सांगितलं, “मम्मी माफी मागतायत.” ती म्हणाली, “असू द्या हो मावशी, पहिल्यांदा गोळ्या घ्या.” मी घेतल्या. बाहेर पूर्ण अंधार होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा अंधारात माझ्या तोंडात पाणी गेलं आणि मी हमसून हमसून रडले. गळ्याच्या टाक्यांना ताण बसेल म्हणून रेश्मा माझी हनुवटी धरून बसली होती.

दहा दिवसांनी घरी सोडलं. पीटीएच उतरलं, खाज तर ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत गेली. बरगडी सांधली. बबनभाऊ माझा आवाज ऐकून म्हणाले, “आयला, वैनी, तुमचा तर पैल्यापेक्षा मोठा झाला की!” कॅल्शियमच्या गोळ्या अजून चालू आहेत आणि किती दिवस लागतील हे डॉक्टरही सांगत नाहीत. प्रत्येक रिपोर्टच्या आधी मी अजूनही फोन उपडा घालून ठेवते. ती भीती जाईल असं मला वाटत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच करा. तुमचा जो काही नियम असेल, चौविहार, चतुर्थी, रोजा, गुरुवार, तो पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ते हसत नाहीत. वेळा बदलून देतात, मार्ग काढतात. आणि खरोखरच मार्ग नसेल तेव्हा तुमच्या साध्वींना, महाराजांना, मौलवींना विचारा. ते आपल्यापेक्षा दयाळू असतात, असा माझा अनुभव आहे. सिस्टरपासून मात्र गोळी लपवू नका.

हल्ली आमच्या घरी एक नवीनच प्रकार चालू आहे. यांनी आयुष्यात कधी चौविहार केला नाही. मार्केटची लिलावाची कामं उरकून रात्री साडेनऊला ताट घेणारा माणूस. मी घरी आले त्या दिवसापासून हे ऊन उतरलं की गाळ्यावरून धावत येतात, घड्याळाकडे बघत भराभरा जेवतात, तोंड धुतात आणि बसतात. नऊ वाजले की भुकेनं सगळ्यांवर खेकसतात. मी सांगितलं, दुसऱ्याचा नियम आपल्याला पाळता येत नाही, ज्याचं कर्म त्याचं. साध्वीजींनीही तेच सांगितलं. ऐकत नाहीत.

“तुझ्यासाठी करतो असं कोण म्हणालं?” म्हणतात, आणि आठ वाजले की माझ्या गोळ्या आणि अर्धा पेला पाणी स्वतःच्या हातानं आणून देतात.